वळणावर आधी कोण सुटतं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी गॅरेजवाला माणूस. कोल्हापुरात उद्यमनगरात चौतीस वर्षं गॅरेज चालवलं. आता ते पुतण्या बघतो. मी सकाळचे दोन तास खुर्ची टाकून बसतो आणि कुणी विचारलं तर सांगतो. माझी बोलायची सवय म्हणजे इंजिन चालू असताना समोरच्याला ऐकू जावं अशी. त्यामुळे इथं आल्या आल्या मला दोनदा सांगण्यात आलं, की काका, मायक्रोफोन जवळच आहे, जरा हळू बोला. प्रयत्न करतो.

विषय आहे गाडीच्या सस्पेन्शनचा. सस्पेन्शन म्हटलं की आपल्याकडे खड्डा आठवतो. गिऱ्हाईक येतं ते "शॉकअप गेलेत, गाडी दणके देते" असं म्हणतच येतं. खड्डा पचवणं हे त्याचं एक काम झालं. दुसरं काम वळणावरचं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वळणावर पुढच्या टायरांनी रस्ता किती धरायचा आणि मागच्यांनी किती, याची वाटणी सस्पेन्शन करतं. ही वाटणी गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरनं विचार करून ठरवलेली असते. मग माझ्यासारखा एखादा मेकॅनिक पाना घेऊन ती बदलतो. मी ती १९९८ साली बदलली होती. त्याबद्दलच बोलायला आलोय.

माझ्याकडे एका निवृत्त हेडमास्तरांची मारुती ८०० यायची. पांढरी, अगदी जपलेली, मागच्या काचेपाशी विणलेला रुमाल. त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही सरच म्हणायचो. त्यांचा धाकटा मुलगा इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला शर्यतींचा नाद होता. कोल्हापुरात हा नाद नवा नाही. आमच्याकडे तालमीतला पोरगा जितका सापडतो तितकाच सायलेन्सर काढून फिरणाराही सापडतो. जूनच्या सुरुवातीला, पावसाआधी, गावाबाहेरच्या माळावर ऑटोक्रॉस होती. ऑटोक्रॉस म्हणजे माळावर ड्रम ठेवून वेडीवाकडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला.

पोरगा आठवडाभर आधी आला. म्हणाला, "काका, गाडी वळतच नाय. स्टेअरिंग पार मोडलं तरी नाक सरळच जातंय. प्रत्येक ड्रमला माझं दोन सेकंद जात्यात."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. यालाच इंग्रजीत अंडरस्टिअर म्हणतात. वळणावर पुढच्या टायरांची पकड आधी सुटते. तुम्ही स्टेअरिंग जेवढं फिरवाल तेवढी गाडी वळत नाही, बाहेरच्या बाजूला सरकत राहते. याच्या उलट मागच्या टायरांची पकड आधी सुटली तर गाडीची शेपटी बाहेर जाते आणि नाक वाजवीपेक्षा जास्त आत वळतं. तो ओव्हरस्टिअर. जत्रेत बैलगाडी चिखलात कशी मागून फिरते, तसं. शर्यतीतली पोरं एक जुना विनोद सांगतात : झाडावर आदळताना ते समोर दिसलं तर अंडरस्टिअर, आणि दिसलंच नाही, नुसतं ऐकू आलं, तर ओव्हरस्टिअर.

मी त्या गाडीला तीन गोष्टी केल्या. पहिली, मागे अँटी-रोल बार बसवला. नाव मोठं आहे, वस्तू साधी आहे : स्प्रिंग स्टीलचा गोल दांडा, दोन्ही टोकांना वाकवलेला, डाव्या आणि उजव्या चाकाला एकमेकांशी बांधणारा. कंपनीनं त्या गाडीला मागे तो दिलेला नव्हता. उद्यमनगरात अशा वस्तूला काय तोटा? एका भट्टीवाल्याकडून दांडा तापवून वाकवून आणला, त्याला पाणी देऊन घेतलं, क्लॅम्प लेथवर बनवले. दुसरी गोष्ट, मागच्या टायरांत हवा बरीच चढवली. तिसरी गोष्ट खरं तर पोरानंच केली, पण माझ्याच जॅकवर. पुढे पकड हवी म्हणून त्यानं चारपैकी चांगले दोन टायर पुढे घेतले आणि झिजलेले मागे टाकले.

गाडी अशी काही वळायला लागली की विचारू नका. ड्रमपाशी आला, पाय सोडला, स्टेअरिंगला जरासा हिसका दिला, की मागची बाजू सुर्रकन बाहेर आणि नाक पुढच्या ड्रमकडे. धूळ उडायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. पोराचा त्याच्या गटात दुसरा नंबर आला. मला पेढे मिळाले. त्या पेढ्यांची चव मला अजून आठवते आणि ती चांगली आठवण नाही.

कारण रविवारी संध्याकाळी तो दांडा काढायला हवा होता. टायर जागच्या जागी लावायला हवे होते. पोरगा म्हणाला, "काका, उद्या पेपर हाय, गुरुवारी आणतो." मी म्हणालो, आण. बस, एवढंच. गाडी घरी गेली आणि अंगणात उभी राहिली, बाहेरून बघायला अगदी पहिल्यासारखी.

बुधवारी पाऊस सुरू झाला होता. सर आणि त्यांच्या बाई रत्नागिरीला मुलीकडे निघाले. मलकापूर सोडल्यावर आंबा घाट लागतो, ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जूनचा पहिला पाऊस, म्हणजे रस्त्यावरची चार महिन्यांची धूळ आणि तेल नुकतं भिजलेलं. त्याच्याइतका निसरडा रस्ता आषाढातही नसतो. सर काही वेगात नव्हते, ते कधीच वेगात नसायचे. उतारावर, डोंगराला वळसा घालणाऱ्या एका वळणावर समोरून ट्रक आला. सरांनी कुणीही करेल तेच केलं : पाय सोडला आणि ब्रेक दाबला. मागची बाजू सुटली. गाडी अर्धी फिरली आणि नाक डोंगराकडच्या गटारात गेलं. ट्रकवाल्यानं गाडी आवरली म्हणून बरं. बाईंचं उजवं मनगट मोडलं. सरांच्या कपाळाला चार टाके पडले. त्या वळणावर डोंगर आतल्या अंगाला होता. एक वळण आधी दरी आतल्या अंगाला होती.

शनिवारी गाडी टेम्पोला बांधून माझ्याकडे आली. मागून सर रिक्षानं आले, कपाळाला पट्टी. पोरानं त्यांना सगळं सांगितलं होतं. मी म्हणालो, "सर, बसा, चहा मागवतो." ते म्हणाले, "चहा नंतर. आधी मला समजावून सांगा, तुम्ही गाडीला काय केलंत." ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी शबनममधून वही काढली.

मी त्यांना काय सांगितलं ते तुम्हाला सांगतो. पहिल्यांदा मला नीट सांगताही आलं नव्हतं. हातानं करणं वेगळं आणि विज्ञानाच्या मास्तरांना पटवून देणं वेगळं. मला पुस्तकं काढावी लागली, सरांनीही काही आणली, आणि पुढचे तीन-चार शनिवार हा वर्ग चालला. मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण हे कधी कधी कळायचं नाही.

तर बघा. एसटी वळण घेते तेव्हा उभ्या माणसाचं अंग बाहेरच्या बाजूला जातं आणि त्या बाजूच्या पायावर भार येतो. गाडीचंही तसंच. डावं वळण घेतलं की वजन उजव्या चाकांवर जातं आणि डावी हलकी होतात. आता सर म्हणाले, "मग काय बिघडलं? एका टायरवर भार वाढला, त्याची पकड वाढली. दुसऱ्यावरचा कमी झाला, त्याची कमी झाली. बेरीज तीच."

इथंच सगळी गोम आहे. बेरीज तीच राहत नाही. टायरवर भार वाढला की पकड वाढते हे खरं, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे पडते. समजण्यापुरते आकडे घेऊ. दोनशे किलो भार असलेला टायर समजा एकशे ऐंशी किलोची पकड देतो. दोन टायर, दोघांवर दोनशे-दोनशे, म्हणजे मिळून तीनशे साठ. आता वळणावर एकावर तीनशे आले आणि दुसऱ्यावर शंभर उरले. तीनशेवाला दोनशे पंचावन्न देईल, शंभरवाला पंचाण्णव. मिळून तीनशे पन्नास. दहा किलो कुठं गेले? गेलेच. भार आणखी एकतर्फी झाला, एकावर साडेतीनशे आणि दुसऱ्यावर पन्नास, तर बेरीज आणखी खाली.

सरांना आकडे पटले, पण मला पटला तो बैलजोडीचा हिशेब. जू सरळ असेल तर दोन्ही बैल ओढतात. जू एका बाजूला कललं की एक बैल मरमर ओढतो, दुसरा नुसता चालतो आणि जोडीचं काम कमी होतं. दोन्ही बैल तेच, ताकद तीच.

आता गाडीला अशा दोन जोड्या आहेत, पुढची आणि मागची. वळणावर एकूण किती वजन बाहेरच्या बाजूला जाणार हे ठरतं गाडीच्या उंचीवर, डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर आणि तुम्ही वळण किती जोरात घेता यावर. माझा दांडा त्यात काही कमी करत नाही. तो एवढंच करतो, की त्या वजनातला जास्त वाटा कुणी सोसायचा ते ठरवतो. गाडी झुकायला लागली की दांडा पिळला जातो आणि त्या झुकण्याला अडवतो. ज्या बाजूला दांडा कडक, पुढे किंवा मागे, त्या जोडीचं जू जास्त कलतं आणि तिची पकड कमी होते. पुढे कडक केलं तर पुढची आधी सुटणार, मागे कडक केलं तर मागची. स्प्रिंग कडक केल्या तरी तेच.

मला गिऱ्हाइकांशी या एका मुद्द्यावर आयुष्यभर भांडावं लागलं. लोकांना वाटतं की कडक केलं म्हणजे गाडी रस्ता जास्त धरते. गाडी कमी झुकते, ते डोळ्याला बरं दिसतं, म्हणून तसं वाटतं. पण पुढचं-मागचं बघितल्याशिवाय एकच बाजू कडक केलीत, तर तुम्ही त्या बाजूची पकड काढून घेत असता.

सरांनी मग तो प्रश्न विचारला, ज्याची मी वाट बघत होतो आणि जो येऊ नये असंही वाटत होतं. "माझ्या मुलाला हीच गाडी बक्षीस देते आणि मला गटारात घालते. असं का?"

कारण मुलाला माहीत होतं. ओव्हरस्टिअर होणार हे त्याला ठाऊक होतं, त्यासाठीच तो पाय सोडत होता. पाय सोडला किंवा ब्रेक मारला की वजन पुढे येतं, पुढचे टायर दाबले जातात आणि मागचे हलके होतात. आता दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. पहिलीत पुढचे टायर आधी सुटतात. माणूस घाबरतो, पाय सोडतो. वजन पुढे येतं, सुटलेल्या पुढच्या टायरांना पकड परत मिळते, गाडी थोडी हळू होते आणि वळते. म्हणजे घाबरून केलेली गोष्टच औषध ठरते. दुसरीत मागचे टायर सुटायच्या बेतात आहेत. माणूस घाबरतो, पाय सोडतो. मागचं उरलंसुरलं वजनही पुढे जातं. घाबरून केलेली गोष्ट विष ठरते. त्यातून घाटाचा उतार, म्हणजे वजन आधीच पुढे.

म्हणून जगातले जवळजवळ सगळे कारखाने घरगुती गाडी थोडी अंडरस्टिअरकडे झुकलेली ठेवतात. ती त्यांना जमत नाही म्हणून तशी नसते, मुद्दाम तशी असते. पोरगा ज्याला गाडीचा दोष समजत होता, तो त्याच्या वडिलांसाठी ठेवलेला राखीव साठा होता आणि मी तो खर्चून दोन सेकंद विकत घेतले.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी माझी गाडी चालवतच नव्हतो. दुसऱ्याच कुणाची तरी चालवत होतो. फक्त नंबर माझा होता."

पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं, की हे शहाणपण मोटारीच्या जन्मापासूनचं आहे का? तसं नाही. गाड्या धावायला लागल्यावर बरीच वर्षं लोकांना त्या वळणावर अशा का वागतात हे नीट माहीत नव्हतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, आधी रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी या गोष्टीचा मोजमाप घेऊन अभ्यास केला. अंडरस्टिअर, ओव्हरस्टिअर हे शब्द रुळले त्यात या माणसाचा मोठा हात आहे.

आणि गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही, अशी की त्याच जनरल मोटर्सनं पुढे १९६० च्या मॉडेलची शेव्हरले कॉर्व्हेअर काढली. इंजिन मागे. वजन मागे. मागचं सस्पेन्शन असं, की जोरात वळताना चाक आत मुडपावं आणि टायरनं अर्ध्याच अंगानं रस्ता धरावा. म्हणजे ओव्हरस्टिअरचं आवतणच. त्यावर कंपनीनं उपाय ठेवला होता तो टायरच्या हवेचा : गार टायरांत पुढे पंधरा पौंड आणि मागे सव्वीस. पुढे हवा मुद्दाम कमी, म्हणजे पुढची पकड कमी, म्हणजे मागची आधी सुटणार नाही. कागदावर हिशेब बरोबर. पण हे ऐकल्यावर सर हसले, त्या प्रकरणात पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "आपल्या पेट्रोल पंपावरच्या पोराला हे कोण सांगणार?" खरंच आहे. आपल्याकडचा पोरगा नळी लावतो आणि चारी टायरांत सारखीच हवा मारून मोकळा होतो. अमेरिकेतला तरी वेगळं काय करत असेल?

राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलानं १९६५ साली गाड्यांच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहिलं, त्यातलं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरचं. कंपनीनं त्याच्यामागे गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं आणि १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७२ साली सरकारी यंत्रणेनं चाचण्या घेऊन म्हटलं, की १९६० ते ६३ ची कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या तशा इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. दोन्ही खरं असेल. मला त्यातलं एकच खटकतं. १९६४ च्या मॉडेलला त्यांनी पुढे अँटी-रोल बार बसवला आणि मागच्या सस्पेन्शनलाही एक आडवा पाटा दिला. म्हणजे मी मागे लावला तो दांडा त्यांनी पुढे लावला, नेमका योग्य जागी. काही डॉलरची वस्तू. ती पहिल्या दिवशी लावली असती तर पंपावरच्या पोराच्या हातात कुणाचा जीव राहिला नसता.

मोठमोठ्यांचं हे पुढेही चुकत राहिलं. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आमच्या प्रकाराच्या आदल्याच वर्षी, स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. रस्त्यात अचानक मोठं हरीण आलं तर गाडी झटकन डावीकडे, झटकन उजवीकडे घ्यायची, अशी ती चाचणी. त्यांनी विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी नावाची यंत्रणा सगळ्या ए-क्लासना सरसकट दिली. दोन वर्षांनी ऑडीच्या टीटी गाडीचं झालं. जर्मनीतल्या महामार्गांवर मोठ्या वेगात मागून सुटण्याचे अपघात झाले, गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, मागे छोटा पंख लावला आणि ईएसपी दिली.

ही ईएसपी आता आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांत येते, ईएससी असंही तिचं नाव असतं. ती काय करते? स्टेअरिंग कुठं वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय हे सतत ताडून बघते. मागची बाजू सुटायला लागली की बाहेरच्या पुढच्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावते. नाक बाहेर चाललं तर मुख्यतः आतल्या मागच्या चाकाला. माणसाला एका पायानं चार वेगळे ब्रेक दाबता येत नाहीत, तिला येतात. चांगली गोष्ट आहे. नवी गाडी घेताना गाणी वाजवायच्या पडद्याआधी ही आहे का ते विचारा. पण तीही टायरची पकड जितकी आहे तितकीच वापरणार. झिजलेल्या टायराला ती नक्षी काढून देत नाही.

टायरावरून आठवलं, ते आता सांगतो. सरांना तेव्हा आणि बरीच वर्षं मलाही वाटत होतं, की दोष दांड्याचा. दांडा दिसतो, हातात धरता येतो, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. पुढे विचार करताना लक्षात आलं, की ओल्या रस्त्यावर, सरांच्या त्या वेगाला, गाडी फार झुकलीच नसणार. दांड्याचा वाटा होता, पण लहान. मोठा वाटा मागे टाकलेल्या त्या दोन झिजक्या टायरांचा आणि त्यांत कोंबलेल्या हवेचा. आणि ही चूक फक्त शर्यतवाले करत नाहीत. दोनच नवे टायर घ्यायचे असले की आपल्याकडे ते पुढे टाकतात. "ओढतंय पुढचं, वळतंय पुढचं, ब्रेक जास्त पुढं, म्हणून नवे पुढं", असा सगळ्यांचा हिशेब. मीही शेकडो गाड्यांना तसेच टाकले. टायर कंपन्या मात्र सांगतात की नवे मागे टाका, गाडी पुढून ओढणारी असली तरी. कारण तुम्ही आतापर्यंत ऐकलंच. पाण्यात पुढचं आधी सुटलं तर स्टेअरिंग हलकं लागतं, तुम्हाला कळतं, पाय सोडता. मागचं आधी सुटलं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गिऱ्हाईक आजही माझ्याशी यावर वाद घालतं. घालू द्या. मी मागेच टाकतो.

दांडा मी त्याच दिवशी सरांसमोर काढला. पुढच्या भागाचं पत्र्याचं काम, रेडिएटर, सगळं मी माझ्या खर्चानं केलं. सरांनी पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत, यावर आमची थोडी ओढाताण झाली. बाईंचा हात बसला, पण पुढे पावसाळ्यात मनगट दुखायचं असं त्या सांगायच्या. मुद्दाम नाही, सहज सांगायच्या. ते ऐकताना मी खाली बघायचो.

दांडा सर घेऊन गेले. मला वाटलं भंगारात घालतील. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो तर त्यांनी तो शिकवणीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला होता. दहावीच्या पोरांना पीळ आणि लवचीकता शिकवताना एक टोक पकडीत आवळायचे आणि दुसरं पोरांना फिरवायला सांगायचे.

त्यानंतर मी गॅरेजला एक नियम केला. गाडीच्या पकडीची वाटणी बदलणारं काहीही करायचं, स्प्रिंग, दांडा, टायरचं माप, चाकांचा कोन, काहीही, तर आधी विचारायचं : ही गाडी आणखी कोण चालवतं? घरात दुसरं कुणी चालवत असेल तर त्या माणसाला गॅरेजवर घेऊन या. आणि गाडी जर तशीच घरी जाणार असेल, तर स्टेअरिंगला लाल फडकं बांधायचं आणि पुठ्ठ्यावर काय बदललंय ते लिहून लटकवायचं. पुतण्या आधी हसायचा. आता तोच बांधतो.

सरांचा मुलगा पुढे पुण्याला एका कारखान्यात लागला, गाड्यांच्याच कामात. मध्ये एकदा फोन आला होता. म्हणाला, "काका, इथं दिवसभर बसून मी गाड्या कमी वळतील असंच बघतोय."

गेल्या महिन्यात एक पोरगा आला. नवी कोरी गाडी, दोन महिन्यांची. म्हणे, स्प्रिंग कापून खाली बसवा आणि मागून कडक करा, मस्त वळली पाहिजे. मी खुर्चीतूनच विचारलं, "आणखी कोण चालवतं?" म्हणाला, "आई नेते कधीमधी, बाजाराला." मी म्हणालो, "आईला घेऊन ये, त्यांच्याशी बोलतो, मग बघू." तो माझ्याकडे बघत राहिला. मग हो म्हणाला आणि गेला. अजून आलेला नाही. आमच्या गल्लीत आणखी तीन गॅरेजं आहेत.